मोरीतले पाणी कोठे जाते?

आपल्या गावात पाणी कोठून येते, हे सर्वांना ठाऊक असते. विहीर कोणती, टाकी कोठे, नळ किती वाजता येतो, टँकर कोणत्या वाराला येतो, हे लहान पोरसुद्धा सांगेल. पण वापरून झालेले पाणी कोठे जाते, असे विचारले तर माणूस घुटमळतो. "जातं की तिकडं, मोरीतनं भाईर," असे उत्तर मिळते.

तिकडे म्हणजे कोठे? घराच्या मागे जाऊन पाहा. मोरीचे पाणी भिंतीला लागून वाहते. पुढे बोळात येते. बोळात सखल जागा आली की तेथे साचते. काळे होते. त्यावर शेवाळ धरते. तेथे डुक्कर लोळते, कोंबड्या चोची मारतात, आणि त्याच बोळातून आपली पोरे अनवाणी शाळेत जातात.

या पाण्याला आपण सांडपाणी म्हणतो. त्याची नीट वाट लावणे अवघड नाही. फार पैसाही लागत नाही. ते कसे करायचे, ते या पाठात पाहू.

पाणी किती सांडते?

पूर्वी बायाबापड्या कोसभरावरून डोक्यावर पाणी आणीत. पाणी थोडे, म्हणून जपून वापरीत. अंघोळीचे पाणी परसातल्या केळीला जाई. सांडायला फारसे उरतच नसे.

पुढे नळ आले. सन २०१९ मध्ये केंद्र शासनाने जल जीवन मिशन सुरू केले. खेड्यात दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने द्यावे, असे त्यात ठरले. हे फार चांगले झाले. ज्या गावात नळ नीट चालतो, तेथे बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. घरात पाणी येण्याची वाट झाली, की घरातून पाणी जाण्याचीही वाट करावी लागते. पुष्कळ गावांत पहिली वाट झाली, दुसरी राहिली.

आता थोडा हिशेब करू. वही घ्या आणि मांडून पाहा.

घरात माणसे ५. माणशी ५५ लिटर. म्हणजे घराला रोज २७५ लिटर पाणी. त्यातले काही पिण्यात जाते, काही स्वयंपाकात मुरते, काही वाळून उडते. सुमारे पाऊण हिस्सा मोरीतून बाहेर पडतो. म्हणजे एका घराचे रोजचे सांडपाणी झाले सुमारे २०० लिटर. गावात अशी २०० घरे धरा. २०० गुणिले २००, म्हणजे ४०,००० लिटर.

१०,००० लिटरचा एक टँकर धरला, तर हे झाले चार टँकर. रोज चार टँकर पाणी आपण बोळात ओततो!

माण, आटपाडी, सांगोला, जत हे तालुके पाहा. तेथे पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास. तोही बेभरवशाचा. उन्हाळा आला की विहिरी तळ गाठतात. माणसे टँकरची वाट पाहत हंडे रांगेत ठेवतात. अशा मुलखात रोज चार टँकर पाणी नुसते डास पोसायला घालवणे आपल्याला परवडेल का?

साचलेले पाणी काय करते?

पहिली गोष्ट, डास. गटारातले थोडे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरा. बारीक वळवळणाऱ्या अळ्या दिसतील. त्या शेपटाकडची नळी पाण्याच्या वर काढून श्वास घेतात. हीच डासांची पोरे. घाण पाण्यात वाढणाऱ्या डासाची एक मादी एका वेळी शे-दोनशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडू लागतात. हत्तीरोग हा याच जातीच्या डासामुळे पसरतो. या रोगात पाय सुजून हत्तीच्या पायासारखा होतो. एकदा तसा झालेला पाय सहसा पहिल्यासारखा होत नाही. माणूस कामाला मुकतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नव्हे, तर घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. रांजण, टाकी, टायर, कुंडी ही त्याची घरे. हिवतापाचा डासही बहुतेक स्वच्छ पाणीच पसंत करतो. म्हणून सांडपाणी जिरवले की सगळे डास गेले, असे समजू नका. आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवा. यालाच कोरडा दिवस म्हणतात.

दुसरी गोष्ट, पिण्याचे पाणी. गावात नळ दिवसातून तास-दोन तास चालतो. उरलेल्या वेळी नळाचा पाइप रिकामा असतो. पुष्कळ ठिकाणी हा पाइप गटारातून किंवा गटाराच्या कडेने गेलेला असतो. त्याला कोठे बारीक चीर असेल, तर रिकामा पाइप गटाराचे पाणी आत ओढून घेतो. पुढच्या वेळी पाणी सुटले की ती घाण पहिल्या धारेबरोबर आपल्या हंड्यात येते. मग गावात हगवण लागते, कावीळ येते, विषमज्वर येतो. आपण म्हणतो, साथ आली. साथ आभाळातून येत नाही. ती आपल्याच बोळातून आलेली असते.

तिसरी गोष्ट, भांडणे. "तुझ्या मोरीचं पाणी माझ्या दारात का?" यावरून किती घरांत अबोला आहे, ते तुम्हांला सांगायला नको. भाऊ भावाशी बोलत नाही. प्रकरण पंचायतीत जाते, कधी कोर्टातही जाते. पाणी मात्र वाहतच राहते.

घाण पाणी शुद्ध होते कसे?

दुधात विरजण घातले की सकाळी दही लागते. हे कोण करते? डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव करतात. असेच कोट्यवधी जीव मातीत असतात. खरकटे, मळ, साबणाचा अंश हे त्यांचे अन्न. पाणी मातीतून हळूहळू झिरपू लागले की माती गाळणीचे काम करते. आणि हे जीव त्यातली घाण खाऊन टाकतात.

मात्र त्यांना हवा लागते. हवा मिळाली की ते चोख काम करतात. पाणी एका जागी साचले की आतली हवा संपते. मग हवेशिवाय जगणारे दुसरे जीव वाढतात. ते घाण सडवतात आणि दुर्गंधी सुटते. म्हणून गटाराला वास येतो. पाणी साचू न देणे, हे पहिले सूत्र झाले.

दुसरे सूत्र, पाण्याच्या जाती वेगळ्या ठेवणे. मोरीचे, अंघोळीचे, भांड्यांचे, धुण्याचे पाणी ही एक जात. हे घरच्या घरी जिरवता येते. संडासाचे पाणी ही दुसरी जात. त्यात रोगांचे जंतू फार. ते मोरीच्या पाण्यात कधीही मिसळू नये. गोठ्याचे शेणमूत ही तिसरी जात. त्याची जागा खताच्या खड्ड्यात किंवा गोबरगॅसमध्ये.

शोषखड्डा कसा करावा?

मोरीचे पाणी जिरवण्याचा सोपा उपाय म्हणजे शोषखड्डा. पाच माणसांच्या घराला, जमीन मुरमाड असेल तर, चार फूट लांब, चार फूट रुंद व चार फूट खोल खड्डा पुरतो. टिकाव, फावडे, घमेले आणि दोन माणसांची मेहनत एवढेच मुख्य भांडवल.

आधी जागा निवडा. खड्डा भिंतीपासून पाच-सहा फूट दूर असावा, नाहीतर पाया ओलावेल. पिण्याची विहीर, आड किंवा हातपंप यांपासून निदान ५० फूट दूर असावा, आणि त्यांच्या उताराच्या बाजूला असावा. ज्या गावात पावसाळ्यात जमिनीत थोड्याच खोलीवर पाणी लागते, तेथे शोषखड्डा करू नये.

मग जमिनीची परीक्षा घ्या. फूटभर खोल लहान खड्डा खणा. पाणी भरून जिरू द्या. पुन्हा भरा आणि पाहा. पाणी काही तासांत जिरले तर जागा योग्य. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभे दिसले, तर तेथे शोषखड्डा चालायचा नाही.

जागा ठरल्यावर खड्डा खणा. तळाशी नारळाएवढे दगड घाला. त्यावर मुठीएवढे दगड किंवा पक्क्या विटांचे तुकडे. वर लिंबाएवढी खडी. मधोमध एक मडके ठेवा. मडक्याच्या बुडाला भोके पाडा आणि आत काथ्या किंवा गवत भरा. मोरीचा पाइप या मडक्यात सोडा. खरकटे, केस, तेलकटपणा मडक्यात अडकतो आणि पाणी तेवढे खाली जाते. खडीवर जुने गोणपाट अंथरा आणि वर माती लोटा. मडक्यावर घट्ट झाकण बसवा. डास आत शिरता कामा नये, इतके घट्ट.

हल्ली पुष्कळ ठिकाणी मडक्याऐवजी सिमेंटची लहान टाकी ठेवतात. तिला वरच्या बाजूला भोके असतात. गाळ तळाशी बसतो, आणि वरचे निवळलेले पाणी भोकांतून दगडांत उतरते. ही टाकी जास्त दिवस टिकते.

कोणी विचारील, "खड्डा केला, आता काम संपलं का?" नाही. दर पंधरा दिवसांनी मडक्यातले गवत बदला. टाकी असेल तर तिच्यातला गाळ काढा. तो गाळ खताच्या खड्ड्यात टाका. काही वर्षांनी खड्डा पाणी घेईनासा होईल. तेव्हा दगड बाहेर काढा, धुवा, उन्हात वाळवा, खड्ड्याच्या बाजू खरवडा आणि दगड पुन्हा भरा. पुष्कळ गावांत शोषखड्डे झाले आणि वर्षा-दोन वर्षांत बंद पडले. त्याचे कारण बहुधा एकच. गाळ कोणी काढला नाही.

आणखी एक गोष्ट. मोरीत खरकटे सोडू नका. भांडे घासण्याआधी खरकटे काढून जनावराला किंवा उकिरड्यावर टाका. तेवढ्याने खड्ड्याचे आयुष्य वाढते.

काळी जमीन असेल तर?

काळ्या जमिनीचा स्वभाव निराळा. उन्हात तिला भेगा पडतात. पाणी मिळाले की ती फुगते, आणि मग पाणी खाली सोडीत नाही. तेथे काळ्या थराखाली मुरूम लागेपर्यंत खोल जावे. मुरूम फार खोल असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडावा आणि परसबाग करावी.

परसबागेसाठी मोरीचे पाणी आधी लहानशा गाळटाकीतून न्या. मग झाडांच्या ओळीने हातभर खोल चर खणून त्यात दगडगोटे व पालापाचोळा भरा, आणि त्यात पाणी सोडा. वर मातीचा थर द्या. पाणी उघडे दिसू नये. केळ, कर्दळ, अळू यांना असे पाणी मानवते. पपई, शेवगा, लिंबू ही झाडेही लावता येतात. पाणी त्यांच्या मुळांना पोचावे, खोडाशी साचू नये. घरचे २०० लिटर पाणी पाच-सहा झाडे उन्हाळ्यात जगवते. ज्या गावात एप्रिलमध्ये हिरवे पान दिसत नाही, तेथे दारी पपई पिकते, हे काही थोडे नाही.

पण पथ्य पाळा. कोथिंबीर, मुळा, काकडी असे कच्चे खायचे पदार्थ या पाण्यावर करू नका. साबणाच्या पाण्यात क्षार असतात. रोज एकाच जागी नुसते धुण्याचे पाणी सोडले तर माती चोपण होते. म्हणून जागा बदलत राहा. पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन जाऊ द्या.

"शोषखड्ड्यानं माझी विहीर भरंल का?" असे एखादा शेतकरी विचारील. तसे वचन देता येणार नाही. विहीर भरायला पाऊसच अडवावा लागतो, बांध घालावे लागतात. शोषखड्ड्याने दारची घाण जाते, जमिनीत थोडी ओल राहते. तेवढ्यासाठीच तो करायचा.

संडासाचे काय?

काही घरांत संडासाला एकच बंद टाकी असते आणि तिचे वरून वाहणारे पाणी सरळ गटारात सोडलेले असते. हे फार वाईट. टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असते. पण त्यात जंतू जिवंत असतात. घरात संडास बांधला आणि त्याचे पाणी बोळात सोडले, तर घाण फक्त शेतातून दारात आणली, एवढेच झाले.

त्यापेक्षा दोन खड्ड्यांचा संडास बरा. एक खड्डा वापरात, दुसरा बंद. पहिला भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे. भरलेला खड्डा निदान वर्षभर, शक्य तर दीड वर्ष, झाकून ठेवायचा. आतल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले सोनखत होते. ते शेताला घालावे. आधीच बंद टाकी असेल, तर तिच्या तोंडाला वेगळा शोषखड्डा जोडा. हे खड्डेही विहिरीपासून दूरच हवेत.

ज्यांना परसू नाही, त्यांनी काय करावे?

गावठाणात घराला घर लागलेले असते. खड्डा खणायला हातभर जागा नसते. तेथे दोन वाटा आहेत. चार-पाच घरांनी मिळून, मोकळ्या जागेत एक मोठा शोषखड्डा करावा. किंवा ग्रामपंचायतीने झाकलेले गटार बांधून पाणी गावाच्या उताराला, वस्तीपासून दूर न्यावे आणि तेथे तळी करावीत.

ही तळी एकापुढे एक अशी तीन असतात. आधी जाळी लावून कचरा अडवतात. पहिले तळे खोल असते. त्यात गाळ तळाशी बसतो आणि सडून कमी होतो. दुसरे तळे उथळ, साधारण चार-पाच फूट. त्यात हिरवे शेवाळ वाढते. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते, आणि तो प्राणवायू घाण खाणाऱ्या जीवांना मिळतो. तिसरे तळे आणखी उथळ असते. त्यात ऊन पाण्यात खोलवर शिरते आणि रोगजंतू मरतात. या सर्वाला काही आठवडे लागतात. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. ऊन लागते, आणि दुष्काळी मुलखात उन्हाची वाण नाही!

तळ्यांचा तळ चिकण मातीने चोपून घ्यावा. भोवती कुंपण घालावे, म्हणजे पोरे व गुरे आत जाणार नाहीत. काठावरचे गवत काढीत राहावे, नाहीतर तेथे डास अंडी घालतात. शेवटच्या तळ्यात गप्पी मासे सोडावेत. ते डासांच्या अळ्या खातात. शेवटचे पाणी हत्तीगवताला, बांधावरच्या झाडांना द्यावे. पाणी देणाऱ्याने पायांत बूट घालावेत आणि नंतर साबणाने हातपाय धुवावेत.

गावाने केले तर होते

नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यात, टेंभुर्णी नावाचे गाव आहे. त्या गावाने घरोघर शोषखड्डे केले. बोळांतली उघडी गटारे गेली, डास हटले. ते पाहून जिल्ह्यातल्या इतर गावांनी तसेच केले. पुढे लोक त्याला 'नांदेड पॅटर्न' म्हणू लागले.

यात एक मर्म आहे. माझ्या एकट्याच्या दारात खड्डा झाला, पण शेजाऱ्याचे पाणी उघडे राहिले, तर डास माझ्या घरी येणारच. डासाला शिव कळत नाही, जात कळत नाही, गट कळत नाही. म्हणून हे काम आळीने मिळून करायचे आहे.

गाडगे महाराज गावात आले की आधी झाडू हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. १९५६ साली ते गेले. सन २००० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या अभियानात पुष्कळ गावांना बक्षिसे मिळाली. काही गावे बक्षीस मिळाल्यावरही स्वच्छ राहिली. काही गावांत फलक राहिला आणि गटारही राहिले. बक्षिसासाठी केलेली सफाई पाहुणा जाईपर्यंत टिकते. आपल्या पोरांसाठी केलेली टिकून राहते.

तेव्हा येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा: "आपल्या गावचं सांडपाणी जातं कुठं? नळाचा पाइप कुठं कुठं गटारातनं गेलाय? शोषखड्ड्यांना कोणत्या योजनेतून मदत मिळते?" हे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. आता तुम्ही वाचू शकता. ग्रामपंचायतीच्या फलकावरचे अंदाजपत्रक वाचा. त्यात गटारासाठी किती पैसे धरले आणि शोषखड्ड्यांसाठी किती, ते पाहा. उघडे गटार बांधायला पैसा जास्त लागतो, आणि घाण नुसती पुढच्या आळीत जाते.

बायांनीही ग्रामसभेला जावे. मोरीचे काम रोज त्यांच्याच हाती असते. कोठे पाणी तुंबते, ते त्यांना अधिक कळते.

विचार करा आणि करून पाहा

१. तुमच्या घरात माणसे किती? वरील रीतीने रोजच्या सांडपाण्याचा हिशेब मांडा.

२. तुमच्या मोरीचे पाणी शेवटी कोठे साचते, ते चालत जाऊन पाहा. वाटेत नळाचा पाइप कोठे लागतो, ते लिहून ठेवा.

३. परसात फूटभर खड्डा खणून जमिनीची परीक्षा घ्या. पाणी किती वेळात जिरले, ते पुढच्या वर्गात सर्वांना सांगा.